दंतवैद्याचा आरसा व त्याची बैठक

दंतवैद्याच्या खुर्चींत जो एकदां बसला, त्यानें तो लहानसा वाटोळा आरसा पाहिला नाहीं असें होत नाहीं. लांब दांडीच्या टोकाला रुपयाएवढी चकती तिरपी बसविलेली असते. रोग्यास तोंड उघडावयास सांगून वैद्य प्रथम हेंच साधन हातीं घेतो. तें कशासाठीं, असें विचारलें तर बहुतेक मंडळी सांगतील कीं, मागच्या दाढा पाहण्यासाठीं. उत्तर खरें आहे, पण अर्धें. उरलेलें अर्धें असें कीं, हा आरसा जितका रोग्याच्या दांतांसाठीं आहे, तितकाच तो वैद्याच्या पाठीच्या कण्यासाठीं आहे. आरशांत पाहून काम करण्याची विद्या ज्यास साधली, तो ताठ बसून तीस वर्षें काम करूं शकतो. ज्यास ती साधली नाहीं, त्यास एकेका दाढेसाठीं मान व कंबर वांकवावी लागते, आणि शरीर या वांकण्याचा हिशेब केव्हां ना केव्हां मागितल्यावांचून राहत नाहीं.

कुटुंबांत वाचावयाच्या मासिकांत हा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. त्यास दोन कारणें आहेत. एक तर, आपल्या पुष्कळ घरांतून आतां एखादी मुलगी, सून किंवा पुतण्या दंतवैद्यकाच्या महाविद्यालयांत शिकत असतो. त्याच्या हुशारीची, परीक्षांची व खर्चाची चर्चा घरांत होते. त्याच्या पाठीची चर्चा कोणी करीत नाहीं. दुसरें कारण असें कीं, जे शिकत नाहींत ते आपण सारे आज ना उद्यां त्या खुर्चींत जाणार. तेथें आपण कसें बसतों किंवा निजतों, यावर वैद्याची बैठक अवलंबून असते. तेव्हां ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लोकांनीं समजून घेण्यासारखी आहे.

वांकलेली पाठ

आम्ही राहतों तें मुर्री हें गांव गोंदिया शहराच्या शेजारचें. हा सारा मुलूख धानाचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला, तरी दोन्हींकडचे लोक आषाढाची वाट एकाच कारणासाठीं पाहतात. पाऊस लागला कीं बांध्यांत चिखल होतो, पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधल्या जातात आणि रोवणी सुरू होते. सकाळपासून दिवस कलेपर्यंत बाया कमरेंत वांकून, एकेक पाऊल मागें सरकत, रोपें चिखलांत रोवीत जातात. संध्याकाळीं बांधावर चढल्यावर त्या प्रथम काय करतात, हें ज्यानें पाहिलें असेल त्यास आमचें म्हणणें लवकर पटेल. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या मागच्या बाजूस कलतात व क्षणभर तशाच उभ्या राहतात. दिवसभर एका बाजूस ओढलेलें शरीर आपण होऊन दुसऱ्या बाजूस जाऊं पाहतें.

त्या बाईस वांकण्यावांचून गत्यंतर नाहीं. चिखल कांहीं उचलून डोळ्यांपुढें धरतां येत नाहीं. दंतवैद्याचें काम वरवर पाहतां याहून फार निराळें दिसतें. तो सावलींत बसतो, त्याचे कपडे स्वच्छ असतात, हातांतलें हत्यार चमच्याहून जड नसतें. परंतु मानेच्या दृष्टीनें पाहिलें तर दोघांचें दुखणें एकाच जातीचें आहे. भेद इतकाच कीं, दंतवैद्याजवळ आरसा आहे.

मोठ्या माणसाचें डोकें सुमारें पांच किलो वजनाचें असतें. तें खांद्यांच्या बरोबर वर तोललेलें असेल तोंवर त्याचा भार जाणवत नाहीं. तें पुढें झुकलें कीं तरफेचा नियम लागू होतो. भरलेली घागर कडेवर घेऊन बाई कोसभर चालूं शकते. तीच घागर हात लांब करून पुढें धरा म्हटलें तर दहा पावलेंही जड होतील. न्यूयॉर्क येथील शल्यवैद्य केनेथ हंसराज यांनीं २०१४ सालीं असें गणित मांडलें कीं, मान पंधरा अंशांनीं झुकली असतां तिच्यावरील जोर सुमारें १२ किलो होतो, तीस अंशांस १८ किलो, आणि साठ अंशांस २७ किलोपर्यंत जातो. हातांतील फोनकडे पाहत बसणारांसाठीं तें गणित होतें. पण मानेला फोन काय आणि दाढ काय, दोन्ही सारखींच.

यांत आणखी एक गोष्ट आहे. स्नायु आंखडतो व सैल होतो, तेव्हां त्यांतून रक्त नीट खेळतें. तोच स्नायु अर्धा अर्धा तास एकाच स्थितींत ताणून धरला तर त्यास रक्त कमी मिळतें, आणि वजन न उचलतांही तो थकतो. म्हणून मैलभर चालून माणूस जितका थकत नाहीं, तितका एका जागीं मान वांकवून बसल्यानें थकतो. दंतवैद्य नुसता वांकत नाहीं. वांकतो, एका बाजूस वळतो, आणि दाढेंतील केंसाएवढी फट चुकूं नये म्हणून श्वास रोखून तसाच स्थिर राहतो. २००९ सालीं निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्या पाहण्यांतून दंत-व्यवसायांतील लोकांपैकीं शेंकडा ६४ ते ९३ जणांस स्नायूंचें किंवा सांध्यांचें कांहीं ना कांहीं दुखणें असल्याचें दिसून आलें. मान, खांदे व कंबर हीं त्यांचीं ठरलेलीं ठिकाणें.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें उदाहरण येथें देणें अप्रस्तुत होणार नाहीं. हस्ताक्षर मोत्यासारखें, हात अत्यंत स्थिर, आणि पुढें दंतवैद्य झाल्यावर नांवही चांगलें मिळविलें. परंतु आरशांत पाहून काम करण्यास वेळ फार लागतो, त्यापेक्षां मान थोडी खालीं केली कीं झालें, अशी त्यानें संवय लावून घेतली. चाळिशीच्या सुमारास त्यास मान वळवितां येईना, उजव्या हाताच्या बोटांस मुंग्या येऊं लागल्या, व आठ महिने दवाखाना अर्धा दिवसच उघडा राहिला. मागच्या गांवांहून पहांटेच्या गाडीनें आलेले रोगी दुपारीं दार बंद पाहून परत जात. औषधें झालीं, पट्टे झाले. पण खरा गुण आला तो त्यानें नवशिक्या विद्यार्थ्याप्रमाणें पुनः आरसा हातीं घेतल्यावर. एका वैद्याची पाठ मोडली म्हणजे केवळ एका घराचें नुकसान होत नाहीं, हें आम्हांस तेव्हां कळलें.

आरसा काय काय करतो

या आरशाचीं कामें चार. पहिलें अर्थात् प्रतिबिंब दाखविण्याचें. वरच्या दाढांची चावण्याची बाजू आणि वरच्या पुढच्या दांतांची टाळूकडील बाजू हीं सरळ नजरेनें पाहावयाचीं तर वैद्यास जवळजवळ रोग्याच्या छातीवर डोकें आणावें लागेल. आरशानें हें काम बसल्या जागीं होतें. दुसरें काम उजेड फेंकण्याचें. वरच्या दिव्याचा प्रकाश आरशावर घेऊन तो अंधाऱ्या कोपऱ्यांत टाकतां येतो. तिसरें काम गाल व जीभ बाजूस धरून ठेवण्याचें. फिरणाऱ्या हत्यारापासून जिभेचें रक्षण याच चकतीनें होतें. आणि चौथें, पुढच्या दांतांच्या मागें धरून प्रकाश आरपार जाऊं द्यावयाचा, म्हणजे दांतांतील कीड छायेसारखी दिसूं लागते.

घरांतल्या आरशाचा मुलामा कांचेच्या पाठीमागें असतो. त्यामुळें कांचेच्या वरच्या पृष्ठावरून एक फिकट व मागून एक ठळक अशीं दोन प्रतिबिंबें पडतात. दाढी करतांना त्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण केंसाएवढी फट पाहतांना बिघडतें. म्हणून दंतवैद्याच्या चांगल्या आरशाचा मुलामा कांचेच्या पुढच्या पृष्ठावर दिलेला असतो, व तो बहुधा ऱ्होडियम या कठीण धातूचा असतो. प्रतिबिंब एकच व रेखीव पडतें. मात्र असा आरसा खरखरीत फडक्यानें पुसला तर लवकर खराब होतो.

तोंडांतील श्वासाच्या वाफेनें आरसा धुरकटतो, हा नेहमींचा त्रास. त्यावर जुना उपाय म्हणजे आरसा किंचित् ऊन करणें. या उपायाशीं इतिहासांतील एक मनोरंजक गोष्ट निगडित आहे. मानुएल गार्सिया या नांवाचे स्पॅनिश गायनाचार्य होऊन गेले. गातांना गळ्यांत नेमकें काय हालतें, हें पाहण्याचा त्यांस ध्यास लागला होता. १८५४ सालीं पॅरिस येथें त्यांनीं दंतवैद्याचा लांब दांडीचा आरसा मिळविला, तो ऊन पाण्यांत बुडवून कोरडा केला, पडजिभेस टेकवला, आणि दुसऱ्या हातांतील आरशानें सूर्याचे किरण त्यावर पाडले. जिवंत माणसाच्या गळ्यांतील स्वरतंतु हालतांना त्यांस स्पष्ट दिसले. पुढच्या वर्षीं त्यांनीं आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेवला. गळ्याच्या वैद्यकास ज्या साधनानें नवी दिशा मिळाली, तें मूळचें दांतांचें व तें वापरणारा एक गवई, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. हे गार्सिया १०१ वर्षें जगले व १९०६ सालीं वारले.

उलट्या प्रतिबिंबाचा अभ्यास

आरशांत उजवें-डावें उलटें दिसतें, असें आपण म्हणतों. शाळेंत शिकवितांना आम्ही हें वाक्य दुरुस्त करीत असूं. आरशाच्या पृष्ठाशीं समांतर असलेली हालचाल उलट होत नाहीं. वर नेलेला हात वरच जातो. उलट होते ती आरशाकडे जाणारी किंवा आरशापासून दूर येणारी हालचाल. आपण आरशाकडे एक पाऊल टाकलें कीं प्रतिबिंब आपल्या दिशेनें, म्हणजे विरुद्ध बाजूस, पाऊल टाकतें. दंतवैद्याची पंचाईत नेमकी येथें होते. टाळूजवळ तिरपा आरसा धरून तो वरच्या दाढेकडे पाहतो तेव्हां हत्याराची कांहीं हालचाल सरळ दिसते, कांहीं उलटी, व आरशाचा कोन बदलला कीं हें प्रमाणही बदलतें. बुद्धीनें हिशेब करीत बसलें तर हात चालणारच नाहीं. हाताला हा उलटेपणा पाठ व्हावा लागतो.

वाचकांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. टेबलावर कागद ठेवून त्यामागें आरसा उभा करावा. पुठ्ठा आडवा धरून कागद व हात प्रत्यक्ष दिसणार नाहींत असें करावें. आणि केवळ आरशांत पाहून एक चांदणी काढावी. पहिल्या वेळीं पेन्सिल कोपऱ्यावर अडून जागच्या जागीं थरथरते व घरांतील लहान मुलें हंसूं लागतात. दहा-बारा दिवस रोज केलें तर रेघ सरळ येऊं लागते. हीच त्या विद्येची पहिली पायरी.

ज्ञान निराळें व हाताचा सराव निराळा, हें तत्त्व आपल्याकडे नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय याच विषयाचा आहे. शिष्य शास्त्र पढला तरी कर्माचा अभ्यास केल्यावांचून तो योग्य होत नाहीं, असें तेथें सांगून कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, आणि बाहेर ओढून काढण्याचा सराव फणसाच्या व बेलाच्या गरावर आणि मेलेल्या पशूंच्या दांतांवर करावा, असें सुचविलें आहे. दांतांवरील कीटण खरवडण्याच्या दंतशंकु नामक शस्त्राचा उल्लेखही त्याच ग्रंथांत सांपडतो. आजच्या महाविद्यालयांत विद्यार्थी कृत्रिम डोक्यांत बसविलेल्या दांतांवर हात बसवितात. कल्पना तीच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या सरावाच्या काळांतच आरसा व बैठक हीं दोन्ही अंगवळणीं पडलीं पाहिजेत. चुकीच्या बैठकीनें हात बसला कीं तो पुढें सोडवणें कठीण जातें.

उभा वैद्य व बसलेला वैद्य

पूर्वीं दंतवैद्य उभ्यानें काम करीत व रोगी बसलेला असे. अमेरिकेंतील मॉरिसन यांनीं १८७१ सालीं पायानें चालविण्याचें दांत कोरण्याचें यंत्र काढलें, तेव्हां तर वैद्यानें एका पायावर उभें राहावें, दुसऱ्यानें शिवणयंत्रासारखी पट्टी दाबीत राहावें व वांकून दाढ कोरावी, असा प्रकार होता. १९५७ सालीं हवेच्या झोतानें अतिशय वेगानें फिरणारें यंत्र आलें. त्याबरोबर दांत थंड ठेवण्यासाठीं पाण्याचा फवारा आला, पाणी ओढून घेण्यासाठीं मदतनीस आवश्यक झाला. १९५८ च्या सुमारास अंगाच्या वळणाप्रमाणें मागें कलणारी खुर्ची निघाली. रोगी निजला, वैद्य बसला, आणि दोघांचे चार हात एका तोंडाभोंवतीं काम करूं लागले. फवाऱ्यानें आरसा झांकोळतो, तेव्हां मदतनीसानें हवेच्या फुंकरीनें तो स्वच्छ ठेवावयाचा, अशी वांटणी झाली.

आपल्या देशांत डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिलें दंतमहाविद्यालय काढलें. मुंबईचें नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ चें, आणि नागपूरचें सरकारी १९६८ चें. म्हणजे जुन्या पिढीच्या वैद्यांनीं जी विद्या उभ्यानें मिळविली, तीच त्यांच्या शिष्यांस बसून करावी लागली. बसण्यास मिळालें म्हणून दुखणें गेलें नाहीं. उभा माणूस वांकला तर पायांनीं थोडा तोल सांवरतो. बसलेला वांकला तर सगळा भार कमरेच्या मणक्यांवर जातो. म्हणून बसावें कसें, हें पुनः शिकावें लागतें.

योग्य बैठक थोडक्यांत अशी. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले, स्टुलाची उंची इतकी कीं मांड्या गुडघ्यांकडे किंचित् उतरत्या असाव्या, कंबरेचा नैसर्गिक बांक मोडूं नये, कोपरें बरगड्यांजवळ. रोग्याचें तोंड वैद्याच्या कोपराच्या उंचीवर यावें, आणि डोळा व दांत यांतलें अंतर पस्तीस ते चाळीस सेंटिमीटर, म्हणजे एका हाताहून थोडें कमी असावें. मान वीस अंशांहून अधिक झुकूं नये. रोग्याचें डोकें म्हणजे घड्याळाची तबकडी मानली व टाळू बाराच्या ठिकाणीं धरली, तर उजव्या हातानें काम करणारानें नऊ ते बारा यांच्या दरम्यान जागा बदलीत राहावें. वरच्या दांतांसाठीं रोग्यास सपाट निजवून हनुवटी वर करवावी, व बारा वाजण्याच्या जागीं बसून आरशांत पाहावें. खालच्या दांतांसाठीं हनुवटी खालीं घ्यावयास लावावी. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत ध्यानास बसणारानें धड, डोकें व मान एका रेषेंत ठेवावीं असें सांगितलें आहे. ध्यान परमात्म्याचें असो कीं दाढेचें, शरीराचा नियम बदलत नाहीं.

आमच्या भागांतील अडचण

पूर्व विदर्भांत एक विशेष अडचण आहे, ती खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ रस्तोरस्तीं चघळला जातो. सुपारीनें गालांच्या आंतील नाजूक त्वचा हळूहळू ताठर होते व तोंड उघडेनासें होतें. निरोगी माणसाच्या तोंडांत आपलीं तीन बोटें उभीं मावतात. अशा रोग्याच्या तोंडांत दोन, कधीं एकच. तेथें मोठा आरसा जात नाहीं, उजेड जात नाहीं, आणि वैद्यास वांकावेंच लागतें. या रोगांतून कर्करोग होण्याचें भय असतें, तें तर याहून फार मोठें. म्हणून घरांतील कर्त्या माणसांनीं महिन्यांतून एकदां खिडकीच्या उजेडांत आरसा धरून आपल्या गालांच्या आंतली बाजू, जिभेच्या कडा व जिभेखालील जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तीन बोटांस अडथळा दिसल्यास लाज न धरतां वैद्याकडे जावें.

रोग्याचें कर्तव्य

आमच्या घरांतून वडीलधारी मंडळी त्या खुर्चींत सपाट निजण्यास तयार नसतात. परक्यापुढें, विशेषतः लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईपुढें, पाय लांब करून पडणें त्यांस अवघड वाटतें. त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, वैद्य डोक्याकडे बसतो. पाय त्याच्याकडे नसतातच. आपण संकोचानें अर्धवट उठून बसलों, तर आपला संकोच त्याच्या कमरेस सोसावा लागतो. दुसरा गैरसमज असा कीं, "डॉक्टर दाढेकडे न बघतां आरशांतच बघत होता," म्हणजे त्याचें लक्ष नव्हतें. वस्तुतः तोच नीट शिकलेला वैद्य. त्यानें डोकें वळवावयास सांगितलें तर पूर्ण वळवावें, आणि श्वास नाकानें घ्यावा, म्हणजे आरसा धुरकटत नाहीं. ज्यांस निजल्यावर दम लागतो त्यांनीं तें आधींच सांगावें. गर्भवती स्त्रियांनींही सांगावें; शेवटच्या महिन्यांत फार वेळ उताणें निजणें बरें नसतें, डाव्या कुशीवर थोडें कलवून काम करतां येतें.

ज्यांच्या घरीं या विद्येचा विद्यार्थी आहे, त्यांनीं त्यास कधीं तरी विचारावें कीं, वरच्या शेवटच्या दाढेचें काम तूं आरशांत पाहून करतोस कीं वांकून? उत्तर देतांना तो अडखळला तर रागावूं नये. चांदणीचा कागद व आरसा त्याच्या टेबलावर ठेवावा. दर रोग्यानंतर उठून, रोवणीच्या बाया बांधावर करतात तसें, दोन हात कमरेवर ठेवून मागें कलण्यास सांगावें. या एवढ्याशा हालचालीस मिनिटही लागत नाहीं.

आपल्या आजोबांनीं पोथी कधीं मांडीवर वांकून वाचली नाहीं. ती ठवणीवर ठेवून डोळ्यांपुढें आणली, आणि स्वतः ताठ बसून तासन् तास पारायण केलें. वाचणारानें ग्रंथापुढें वांकावयाचें तें नमस्कारासाठीं. वाचण्यासाठीं ग्रंथच वर आणावयाचा. दंतवैद्याचा आरसा ही त्याची ठवणीच होय. ती त्यानें वापरावी, आणि ती वापरतां यावी अशा रीतीनें आपण खुर्चींत निजावें.